अनुभव धागा: हुशार मुलं लष्करी अकादमी मधेच का सोडतात?

खडकवासला, डेहराडून, एझिमला, दुंडिगल. इथल्या लष्करी अकादम्यांतून मधेच परतलेली मुलं आपल्या गावागावांत आहेत. "टिकला नाही" म्हटलं की विषय मिटतो. मला हे पटत नाही. एनडीएची (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) लेखी परीक्षा ९०० गुणांची, पुढे एसएसबीचे (सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत आणि चाचण्या) आणखी ९००, मग वैद्यकीय तपासणी. एवढ्या चाळणीतून गेलेलं मूल सहा महिन्यांत कच्चं कसं ठरतं? सोडून आलेले, पालक, सोबती, सगळ्यांनी लिहा. संस्थेचं नाव नको, खरं कारण हवं.

सोडून आलेला, सांगली जिल्हा
पहिली टर्म, म्हणजे पहिले सहा महिने, पास होऊन मी सोडलं. हे आधी सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं रगड्याला, म्हणजे शिक्षेच्या अंगमेहनतीला, घाबरलो. पीटी, पोहणं, क्रॉस कंट्री, सगळं निघालं होतं. शाळेपासून समोर येईल ती परीक्षा काढायची, हीच माझी सवय. एनडीएसुद्धा तशीच काढली. पुढची वीस वर्षं हे काम करायचंय का, हा प्रश्न मला तिथे गेल्यावर पडला. शेजारच्या केबिनमधल्या मुलाला त्याचं उत्तर लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचे वडील सुभेदार. तो माझ्याकडून गणित समजून घ्यायचा आणि पहाटे मला उठवायचा. मला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. स्वतःच्या मर्जीने सोडलं की प्रशिक्षणाचा खर्च परत करावा लागतो. बाबांनी तो भरला आणि आजवर एका शब्दाने बोलून दाखवलं नाही.

एक आई, नाशिक
माझ्या मुलाने सोडलं नाही, त्याच्या पायाने साथ सोडली. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर. दुखतंय हे त्याने बरेच दिवस लपवलं, कारण आजारी रजेत टर्म बुडाली तर रेलिगेट होणार, म्हणजे एक टर्म मागे टाकणार. आयुष्यात मागे न पडलेल्या मुलाला ते मरणापेक्षा वाईट वाटत होतं. शेवटी रेलिगेट झालाच. कोर्समेट पुढे गेले, हा धाकट्यांबरोबर राहिला. पुन्हा तेच हाड गेलं आणि बोर्ड आऊट, म्हणजे वैद्यकीय कारणाने कायमचा बाहेर. अशा मुलांना माजी सैनिकाचा दर्जा नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना माजी सैनिकांची आरोग्य योजना खुली केली. दुखणं लवकर सांगा रे, एवढंच माझं सगळ्या पोरांना म्हणणं आहे.

निवृत्त अधिकारी, पुणे
आमच्या कोर्समधला सर्वांत तल्लख मुलगा दुसऱ्या टर्ममध्ये गेला. स्वतःचा रगडा तो हसत सोसायचा. पण त्याला रस्सी चढता येत नव्हती, आणि त्याच्यापायी आम्ही सगळे शिक्षा म्हणून फ्रंट रोल (कोलांट्या) मारायचो, ते त्याला सहन होईना. एकट्याने मेहनत करून एकट्याने निकाल घ्यायची सवय असलेल्यांना हे फार जड जातं. आम्ही कुणीच त्याच्यावर चिडलो नव्हतो. ते त्याला सांगायला मात्र हवं होतं.

शिक्षक, छत्रपती संभाजीनगर
आमची तयारी निवडयादीपर्यंतच. पोहणं, कपडे धुणं, हरल्यावर जेवून झोपणं, हे कुणी शिकवत नाही. मी आता अकरावीपासून पोहायला पाठवतो.

कॅडेटचे वडील, कोल्हापूर
मुलींना २०२२ पासून एनडीएत प्रवेश मिळाला, तेव्हापासून माझ्या लेकीने ध्यास घेतला होता. ती बोर्डात पहिली आलेली. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, सोडायचंय." काय बोलू?

सोडून आलेला, सांगली जिल्हा
काका, "ये घरी" म्हणू नका आणि "टिकून राहा"ही नको. नेमकं काय होतंय ते विचारा. अंग दुखतंय किंवा कुणाशी बिनसलंय, तर तिला डिव्हिजनल ऑफिसरांशी (कॅडेटांची देखरेख करणारे अधिकारी) बोलायला सांगा, त्यावर मार्ग निघतो. हे कामच नकोसं वाटत असेल, तर टर्म पुरी करू द्या. सुट्टीत घरी आली की चार दिवस पोटभर झोपू द्या, कुणा नातेवाइकाला बोलावू नका, आणि मग पुन्हा विचारा. तेव्हाही "सोडायचंय" म्हणाली, तर तिचं ऐका.