आपल्या युनियननं कशावर सही केली, हे आपल्याला कंपनीच्या मेलमधून का कळावं?

उजवी_सीट

सात वर्षं फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून उडते आहे. युनियनची वर्गणी पहिल्या पगारापासून कापली जाते आणि त्याबद्दल आजवर कधी कुरकुर केली नाही. पण गेल्या महिन्यात जे झालं ते पचत नाहीये.

लेओव्हरवर, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या बाहेरगावच्या मुक्कामावर होते. पहाटे सव्वातीनला उठून रिपोर्टिंगची तयारी करताना फोनवर क्रू शेड्युलिंगचा मेल दिसला. ‘वैमानिक संघटनेशी झालेल्या सहमतीनुसार पुढील रोस्टरपासून खालील बदल लागू’, अशी सुरुवात. घरच्या स्टँडबायचा, म्हणजे कंपनी कधीही बोलावेल म्हणून घरी तयार राहण्याचा, निम्मा वेळ पगाराच्या तासांत धरला जायचा, तो आता पाव. बोलावल्यावर पोहोचायला 2 तास मिळायचे, आता 90 मिनिटं. स्टँडबाय 8 तासांचा होता, तो 10 तासांचा. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशीचा स्टँडबाय रात्री 10 ला संपलाच पाहिजे ही जी अट होती, तीही आता ‘ऑपरेशनल गरजेनुसार’.

माझं घर विमानतळापासून 55 मिनिटांवर आहे. म्हणजे स्टँडबायच्या दिवशी मी गणवेश चढवून, बॅग दाराशी ठेवूनच बसायचं. पण माझं दुःख त्याहून मोठं आहे. पहाटे 4 चा स्टँडबाय असेल तर मी साडेतीनला उठलेली असते. साडेदहाला फोन आला, 12 ला रिपोर्ट केलं आणि शेवटचं लँडिंग रात्री साडेआठला झालं, तर त्या लँडिंगला मी 17 तास जागी असते. कागदावर माझी ड्यूटी मात्र दुपारी 12 ला सुरू झालेली दिसते. स्टँडबाय म्हणजे घरी आराम, असं समजणाऱ्यानं हा हिशेब एकदा करून पाहावा.

आमच्या बेसच्या प्रतिनिधीला फोन केला. भला माणूस आहे, त्याच्याबद्दल राग नाही. तो म्हणाला, बोलणी गोपनीय होती, बदल्यात काहीतरी चांगलं मिळालंय, विश्वास ठेव. काय मिळालंय, ते सांगता येणार नाही म्हणाला. मूळ मसुदा मागितला तर उत्तर आलं की सारांश पाठवू. सारांश 11 दिवसांनी आला, एक पान. त्यात स्टँडबाय हा शब्दच नव्हता.

मॅनेजमेंटवर मी चिडलेली नाही. कमी माणसांत जास्त उड्डाणं काढायची, हे त्यांचं कामच आहे. ते दाबणारच. पण माझ्या बाजूनं टेबलावर बसलेल्या माणसांनी मला न विचारता माझी झोप दिली, आणि ते मला समोरच्या पक्षाकडून कळलं.

विचारायचं आहे ते हे. मतदानाशिवाय असं सही करता येतं का? आणि मी राजीनामा देऊन वर्गणी बंद करावी का? आमच्यातले चार-पाच जण त्याच विचारात आहेत.

---

जुना_कमांडर

वाटाघाटी समितीवर मी सहा वर्षं होतो, आता नाही. तुमचा राग रास्त आहे. तरी त्या खोलीत काय चालतं ते सांगतो, म्हणजे नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळेल.

बोलणी चालू असताना गोपनीयता लागतेच. आज मी पगारवाढीची मागणी दोन टक्क्यांनी खाली आणायला तयार आहे हे ग्रुपवर गेलं, तर तासाभरात मॅनेजमेंटला कळतं आणि मग तीच आमची वरची मर्यादा ठरते. पण ही गोपनीयता सही होईपर्यंतची. सही झाल्यावर मसुदा लपवायला कुठलंही कारण उरत नाही. तुमच्या समितीची चूक इथे आहे.

मतदानाबद्दल: बहुतेक युनियनांमध्ये मुख्य करार सभासदांच्या मतदानाला टाकावाच लागतो. पण मधल्या काळातली पुरवणी पत्रं, म्हणजे साइड लेटर, कार्यकारिणी स्वतःच्या अधिकारात मान्य करू शकते, बदल ‘किरकोळ’ असेल तर. किरकोळ कशाला म्हणायचं हे तुमच्या घटनेत लिहिलेलं असतं, किंवा लिहिलेलं नसतं, आणि सगळा खेळ तिथेच होतो. कंपनीलाही हे नीट ठाऊक असतं. मुख्य करारात जे मिळालं नसतं, ते ती पुरवणी पत्रांमधून तुकड्यातुकड्यानं काढून घेते. तेव्हा आधी घटनेची प्रत मिळवा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.

आणि ते ‘ऑपरेशनल गरजेनुसार’. माझ्या काळात असंच एक वाक्य मी सोडलं होतं. पहाटेचे दोन वाजले होते, चौदा तास बसलो होतो, समोरच्यांचा वकील ताजातवाना होता कारण ते पाळीपाळीनं येत. मला वाटलं, गरज म्हणजे वादळ, तांत्रिक बिघाड, असं काही. वर्षभरात रोज गरज पडू लागली. लवादाकडे गेलो तर त्यांनी विचारलं, गरजेची व्याख्या कुठे आहे? ती नव्हती. आमच्या लोकांच्या जवळजवळ दोन वर्षांच्या शनिवार-रविवारच्या सुट्ट्या त्या दोन शब्दांत गेल्या, आणि ती सही माझी होती. तुमच्या पत्रात पाव-निम्म्याच्या आधी त्या शब्दांवर भांडा.

---

वर्गणी_बंद

तीन वर्षांपूर्वी अशाच कारणावरून मी राजीनामा दिला. पुढे एका हार्ड लँडिंगवरून, म्हणजे विमान जोरात टेकल्यावरून, चौकशी लागली. त्या खोलीत कंपनीचे तिघे होते, आणि माझ्या बाजूला खुर्ची रिकामी. फ्लाइट डेटाचा कागद समोर सरकवला, त्यातलं काय विचारायचं, काय नाकारायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. निर्णय माझ्या बाजूनं लागला, पण ते सहा आठवडे मला आठवायचे नाहीत.

दुसरं असं, की मी बाहेर पडलो आणि कार्यकारिणीला विरोध करणारं एक मत कमी झालं. पुढच्या निवडणुकीत तेच लोक पुन्हा निवडून आले, थोड्याच मतांनी. राजीनामा देऊ नका.

---

करार_वाचक

इतिहास थोडा सांगतो, कारण सभासदांनी ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं हे आकड्यांत दिसतं.

2015 मध्ये डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांपुढे त्यांच्याच युनियननं वाटाघाटी करून आणलेला करार आला. 65 टक्क्यांनी तो फेटाळला. 2022 मध्ये युनायटेड या दुसऱ्या अमेरिकी कंपनीत तर 94 टक्के मतं विरोधात पडली. दोन्ही ठिकाणी सभासद युनियन सोडून गेले नाहीत. त्यांनी आपल्याच माणसांना परत टेबलावर पाठवलं आणि नंतर नवे करार मंजूर केले. मात्र प्रत्येक ‘नाही’चं फळ लवकर मिळतं असं नाही. फेडेक्स या मालवाहू कंपनीच्या वैमानिकांनी 2023 मध्ये 57 टक्क्यांनी करार नाकारला आणि त्यानंतर मध्यस्थी लांबतच गेली. अमेरिकेत विमान कंपन्या 1936 पासून रेल्वे कामगार कायद्याखाली येतात. त्यात करार मुदत संपली म्हणून रद्द होत नाही, नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. त्यामुळे जुना पगार कंपनीला परवडत असेल, तर उशीर तिला सोयीचा असतो. तुमच्या देशात कायदा वेगळा असेल, पण वेळ कुणाच्या बाजूची आहे हे आधी पाहून घ्या.

उलट टोकाचं उदाहरण 1989 चं ऑस्ट्रेलियाचं. वैमानिकांनी 29.47 टक्के वाढ मागितली, ऑगस्टमध्ये फक्त सकाळी 9 ते संध्याकाळी 5 याच वेळात उडायचं ठरवलं, आणि आठवड्याच्या आत सुमारे 1640 जणांनी एकत्र राजीनामे दिले. सरकारनं हवाई दलाची विमानं प्रवाशांसाठी लावली, बाहेरून विमानं आणि वैमानिक आणले. कंपन्यांनी एकेका वैमानिकाशी वेगळा करार करून भरती केली. अनेकांना ती नोकरी परत मिळालीच नाही. ते लोक भित्रे नव्हते आणि एकजूट तर कमालीची होती. पण राजीनामा दिला त्या क्षणी ते कर्मचारी राहिले नाहीत, आणि सौदा करायला त्यांच्या हातात काही उरलं नाही.

---

सिम_ची_पहाट

एवढंच सांगायचं आहे: स्टँडबायनंतर थकवा जाणवला की दर वेळी फटीग रिपोर्ट भरा. किती वाजता उठलो, किती वाजता फोन आला, शेवटचं लँडिंग किती वाजता, तिन्ही वेळा लिहा. तोंडी तक्रार रोस्टरवाल्याकडेच विरते. लेखी रिपोर्ट सेफ्टी विभागात जातो आणि त्याचा मोजदाद करण्याजोगा ढीग होतो. 2009 चा अमेरिकेतल्या कोलगन एअर या विमान कंपनीचा अपघात, 50 मृत्यू. त्याच्या तपासात वैमानिकांच्या थकव्याचा विषय पुढे आला आणि 2014 पासून अमेरिकेत प्रवासी विमानांच्या वैमानिकांसाठी ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. नियम हलवायला कागद लागतात. ते माणसं मरायच्या आधी जमलेले असावेत.

---

उजवी_सीट

सगळ्यांचे मनापासून आभार. राजीनाम्याचा विचार सोडला, आणि त्या चौघांनाही हा धागा वाचायला दिला.

घटनेची प्रत मिळाली. कलम सापडलं: ‘वेतन किंवा ड्यूटीच्या वेळेत बदल करणारी’ पुरवणी पत्रं मतदानाला टाकली पाहिजेत. पाव-निम्म्याचा बदल वेतनाचाच आहे, 10 तास हा ड्यूटीचा, यात किरकोळ काय आहे? प्रतिनिधीला कलम वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, हे कार्यकारिणीत कुणी काढलंच नाही. मला ते खरं वाटलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

विशेष सभा बोलवायला 90 सभासदांच्या सह्या लागतात. मागणीपत्रात दोनच गोष्टी ठेवल्या आहेत: सही केलेला पूर्ण मसुदा सगळ्यांना द्या, आणि मतदान होईपर्यंत हे पत्र स्थगित ठेवायला कंपनीला लेखी कळवा. जुना_कमांडर सर, ‘ऑपरेशनल गरजे’च्या व्याख्येचा मुद्दा सभेतल्या पहिल्या ठरावात घेते. तुम्ही लवादासमोरचा अनुभव लिहून पाठवलात तर तो नाव न घेता वाचून दाखवीन.

आजपर्यंत 61 सह्या झाल्या. त्यातल्या 14 कॅप्टन लोकांच्या आहेत, ज्यांच्या सीनियॉरिटीला स्टँडबाय क्वचितच येतो. उरलेल्या 29 साठी उद्या क्रू रूममध्ये बसायचं होतं. पण उद्या पहाटे 4 पासून माझाच स्टँडबाय लागला आहे, त्यामुळे कागद एका बॅचमेटकडे दिला आहे.