आईला नागपूरच्या स्मृतिभ्रंश केंद्रात ठेवायचं, काय पाहू?

आम्ही दर्यापूरकडचे. आई ७६ वर्षांची. पहाटे तीनला ओटी बांधून कापूस वेचायला निघते. वावर विकून सहा वर्षं झाली! नागपुरात एक केंद्र पाहून आलो. फरशी चकाचक, मॅनेजर गोड बोलणारा. पण रात्री देखरेखीला किती माणसं असतात विचारलं, तर चहा पुढे केला.

उत्तर १
भाऊ, फरशी सोड. दिवेलागणीला न सांगता जा. ही माणसं तेव्हाच जास्त बावरतात, ‘घरी जातो’ म्हणत दाराशी उभी राहतात. सेविका हात धरून बसते की खोलीत ढकलते, ते पाहा. आमच्या बाबांच्या मनगटावर वळ दिसले तेव्हा कळलं, रात्री बांधून ठेवत होते.

उत्तर २
बी-१२ अन् थायरॉईड तपासलं का? त्यांच्या कमीनंही विसर पडतो. अन् आपली बोली कळणारी बाई आहे का, विचारा. माझ्या सासूबाई ‘टमरेल दे’ म्हणायच्या, तिथल्या पोरीला समजेना. लुगडं ओलं, वरून बोलणी. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, फुकट आहे.

मूळ प्रश्नकर्ता
टमरेल! आमची आईही तेच मागते. बी-१२ केलंच नव्हतं. सोमवारी अमरावतीला नेतो, नागपूरचं मग पाहू.