‘लाइव्ह’ म्युझिकल: समोर बसून, पडद्यामागून, घरून. तुमचे अनुभव लिहा

परवा लेकीबरोबर ‘हॅमिल्टन’ या अमेरिकन म्युझिकलचं, म्हणजे संगीत नाटकाचं, चित्रीकरण पाहत होते. मध्येच तिने विचारलं, “आई, कॅमेरा एवढा जवळ गेलाय, मग समोरच्या लोकांना तो दिसत नाही का?” मला सांगता येईना. मग शोधलं. जून २०१६मध्ये प्रेक्षकांसमोरचे दोन प्रयोग टिपले होते, आणि अगदी जवळचे, फिरते शॉट्स रिकाम्या थिएटरात वेगळे घेतले होते. तुमच्यापैकी कुणी असं रेकॉर्डिंग जवळून पाहिलंय का? सविस्तर लिहा.

*

मी एका रेकॉर्डिंगला प्रेक्षक होते. तिसरी रांग मिळाली म्हणून हरखले होते, पण अंगात पांढरा शर्ट होता. पांढरा रंग कॅमेऱ्यात फार चमकतो म्हणून मला उठवून मागे बसवलं. मग पडदा उघडायच्या आधीच आमच्याकडून टाळ्या, हशा, उभं राहून टाळ्या असं सगळं करून घेतलं. रिकाम्या रंगमंचाकडे बघत टाळ्या वाजवताना फार अवघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या अंकातलं एक गाणं तांत्रिक कारणाने तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला गाणारीचा आवाज शेवटच्या ओळीत खरोखर फाटला आणि सभागृह चिडीचूप झालं. एकाचाही हात टाळीसाठी उठला नाही. प्रक्षेपणात मात्र पहिल्या खेपेचं स्वच्छ गाणं होतं, त्यामागे घसघशीत टाळ्या, आणि भलत्याच प्रसंगाला हसणारा माझा चेहरा. ते फाटलेलं गाणं आम्हा तिथे बसलेल्यांपाशीच राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

*

मी ध्वनी विभागात काम करतो. मुख्य पात्रांच्या अंगावर दोन-दोन माइक असतात, एक बंद पडला तर दुसरा. केसांच्या कडेला लावलेल्या माइकमध्ये घाम उतरला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. मग जाहिराती लागल्या की विंगेत धावायचं, टेप सोलायची, कपाळ कोरडं करायचं, नवा माइक लावायचा. नट तेवढ्यात कपडेही बदलत असतो.

वाद्यवृंद बऱ्याचदा वेगळ्याच खोलीत असतो. संचालकाचा हात नटांना मॉनिटरवर दिसतो. ते चित्र किंचित जरी उशिरा पोचलं तरी गाणं तालातून घसरतं, म्हणून आम्ही सगळ्यात जास्त जपतो ती ही एक तार.

*

२७ जानेवारी २०१९ला टीव्हीवर ‘रेंट’ या अमेरिकन म्युझिकलचं लाइव्ह प्रक्षेपण लावून बसलो होतो. आदल्या दिवशी रंगीत तालमीत एका प्रमुख नटाचा पाय मोडला, म्हणून बराचसा भाग त्या तालमीच्या रेकॉर्डिंगचाच दाखवला. शेवटचा भाग तेवढा खरोखर लाइव्ह होता. अनेकांना फसवल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. तालमीत माणसं खरीच गात होती की!

*

जुन्यांपैकी ‘सिंड्रेला’ जरूर पाहा. ३१ मार्च १९५७ला टीव्हीवर लाइव्ह झालेलं म्युझिकल, मुख्य भूमिकेत ज्युली अँड्र्यूज. दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिलं असं सांगतात. प्रक्षेपण रंगीत होतं, पण हाती उरलंय ते मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावून टिपलेलं कृष्णधवल चित्र.

*

लेकीच्या प्रश्नाबद्दल. मी कंट्रोल रूममध्ये स्कोअर, म्हणजे संगीताची लिखित स्वरलिपी, वाचत बार (तालाचे छोटे भाग) मोजायचे. थेट प्रक्षेपणात संकलन आधीच कागदावर झालेलं असतं: कुठल्या बारवर कुठला कॅमेरा, शॉटचा नंबर काय. “एकशेबारा, कॅमेरा चार… तीन, दोन, एक.” दोन तास आपलाच आवाज कानात घुमतो. रेकॉर्ड केलेल्या प्रयोगात हेच सगळं नंतर, निवांत टेबलावर बसून करता येतं. तरी खुणा राहतात. लेकीला म्हणावं, कपाळाकडे बघ: दुरून घामाने चमकतंय आणि पुढच्याच जवळच्या शॉटमध्ये कोरडं असलं, तर ते दोन शॉट एका वेळचे नसतील.