40 दिवसांचे धानाचे पऱ्हे: रोवावे की मोडावे?

बोडीकाठ (पवनी, भंडारा)
मृगात भरलेले पऱ्हे (रोपवाटिकेतली धानाची रोपं) 40 दिवसांचे झाले. मधे पावसाने दडी मारली, चिखलणीपुरतं पाणी आता कुठे बांधीत (धानाच्या शेतात) आलं. अर्ध्यात एमटीयू 1010, अर्ध्यात स्वर्णा. रोवणी करावी की पऱ्हे मोडून आवत्या टाकावा (मोड आलेलं बी थेट बांधीत पेरावं)?

धानपट्टा
भाऊ, दोन्ही वाणांचा हिशेब वेगळा आहे. पोटात लोंबी धरायला कापणीच्या साधारण 60 ते 65 दिवस आधी सुरुवात होते. 1010 हे 115 ते 120 दिवसांचं, म्हणजे पंचावन्नाव्या दिवसाच्या आसपास. रोवल्यावर रोप सावरण्यात आठवडा जातो, मग फुटव्यांना वेळच कुठे उरतो? स्वर्णा 140 दिवसांच्या पुढचं, त्याच्या हाती अजून महिनाभर आहे. ते नेहमीसारखंच रोवा, चिंता नको.

1010 रोवायचंच तर फुटव्यांची आशा सोडून काड्या (रोपं) वाढवा. एका चुडात (एका जागी) 4-5 काड्या, अंतर 20×15 ऐवजी 15×15 सेंमी, खोली 2-3 सेंमी. खोल गेलं की उरलेसुरले फुटवेही येत नाहीत. एकरी 40 किलो नत्रापैकी 25 किलो रोवणीलाच द्या, बाकीचं 12-15 दिवसांत संपवा. उशिरा दिलेला युरिया अशा धानाला नुसता हिरवा ठेवतो. शेंडे खुडून रोवा, खोडकिड्याची अंडी तिथेच असतात. पण कडा करपा (पानांच्या कडा वाळवणारा रोग) दिसत असेल तर खुडू नका, जखमेतून तो पसरतो.

चिखलणी
आधी 1010 ची दहा-बारा रोपं बुडाशी उभी चिरून बघा. आत कांडी सुटू लागली (खोड लांबू लागलं) असेल तर रोवणीची मजुरी वाया जाईल, आवत्याच बरा. बी 24 तास भिजवा, 24 तास गोणपाटात दडपून मोड काढा. मोड लांबले की ड्रम सीडरच्या (ओळीत बी टाकणाऱ्या यंत्राच्या) छिद्रांत अडकतात. ड्रमने एकरी 12-15 किलो बी पुरतं. तणनाशक प्रेटिलाक्लोर घ्यायचं तर सेफनर (धानाला तणनाशकापासून वाचवणारा घटक) असलेलंच, नाहीतर मोडाचं धानही मरतं.

बोडीकाठ
1010 ची बांधी खोलगट आहे, पाणी निघत नाही. कांडी अजून सुटलेली नाही.

चिखलणी
मग आवत्या नको, पाण्याखाली बी कुजेल. रोवाच.

धानपट्टा
आणि उशिराच्या रोवणीला ढगाळ हवेत गादमाशी (धानाच्या पोंग्यावरची कीड) हमखास येते. 10 लिटर पाण्यात 10 मिली क्लोरपायरीफॉस 20 ईसी घालून मुळं 12 तास बुडवा, मगच रोवा. हातमोजे घाला. उरलेलं द्रावण बोडीत (शेततळ्यात) ओतू नका, मासे मरतात. पुढे चंदेरी पोंगे (गादमाशीने नळीसारखे झालेले फुटवे) शंभरात पाचाच्या वर गेले तर फवारणीचं लगेच बघा.