मदत हवी आहे: नागाच्या अंड्यांसाठी घरी केलेल्या उबवणपेटीचे तापमान स्थिर राहत नाही

नमस्कार. मी साताऱ्याजवळच्या एका गावात सर्पमित्र म्हणून काम करतो. २६ मे रोजी एका गोठ्यातून पकडलेल्या नागिणीने रात्रीतून कापडी पिशवीतच १४ अंडी घातली. मी वनरक्षकांना लगेच कळवले, पंचनामा झाला, नागीण त्याच दिवशी निसर्गात सोडली गेली आणि अंडी उबवण्याचे काम वनविभागाने लेखी परवानगी देऊन माझ्याकडे सोपवले. नाग वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे अशी परवानगी नसताना कोणीही हा प्रयोग घरी करू नये, हे आधीच नमूद करतो.

सकाळी पिशवीचे तोंड सोडले तेव्हा साधारण ५ सेंटिमीटर लांबीची, पांढरी, किंचित ओलसर अंडी एकमेकांना चिकटलेली होती. त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते. बोटाला ते भिजलेल्या चामड्यासारखे लागते. सापाच्या अंड्यातला भ्रूण पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि त्यानंतर अंडे उलटले तर तो गुदमरून मरू शकतो. म्हणून कोंबडीच्या अंड्यांसारखी ही अंडी फिरवायची नसतात. मी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण केली आणि चिकटलेला गठ्ठा न सोडवता तसाच उचलून ठेवला.

पेटीची रचना अशी आहे. मासळीवाल्याकडून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात तळाशी ३ इंच पाणी असून त्यात माशांच्या टाकीत वापरतात तो ५० वॅटचा हीटर आडवा बुडवला आहे. पाण्यात दोन विटा आणि विटांवर अंड्यांचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा आहे. डब्यात ३०० ग्रॅम वर्मिक्युलाईट (ओल धरून ठेवणारे हलके खनिज) तितक्याच वजनाच्या पाण्यात भिजवून घातले आहे आणि त्यात अंडी निम्मी रुतवली आहेत. गेल्या वर्षी दिवड या पाणसापाच्या अंड्यांसाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरले होते. ते फार ओले राहिले, बुरशी धरली आणि बहुतेक अंडी गेली. ती चूक पुन्हा होऊ द्यायची नाही, म्हणून या वेळी प्रत्येक गोष्ट वजन करून केली आहे. झाकणावर साचणारे थेंब अंड्यांवर पडू नयेत म्हणून डब्याखाली एका बाजूने लाकडी पट्टी सारून तो किंचित तिरका ठेवला आहे. हीटर डिजिटल थर्मोस्टॅटच्या छोट्या मॉड्यूलवर चालतो, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला ते हीटर आपोआप बंद-चालू करते.

खरी अडचण तापमानाची आहे. मला डब्यात २९ अंश हवे आहेत. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार अंड्यांशेजारी ठेवली तर डब्यातली हवा २९ वर पोहोचून हीटर बंद होतो, पण तोपर्यंत पाणी खूप तापलेले असते आणि पुढचा अर्धा तास डबा तापतच राहतो. परवा दुपारी आकडा ३१.४ पर्यंत गेलेला पाहिला आणि मी घाबरून झाकण उघडले. तार पाण्यात ठेवली तर दिवसा सगळे ठीक चालते, पण पावसाळी रात्री खोली गार होते आणि पहाटे डब्यात २७ च्या आसपास तापमान उतरते. मॉड्यूलमध्ये हीटर बंद होण्याच्या आणि पुन्हा चालू होण्याच्या तापमानांत मुळात २ अंशांचा फरक ठरवलेला होता. तो मी ०.५ वर आणला आहे, तरीही तापमानाचा झोका पुरेसा कमी झालेला नाही. त्यात आमच्याकडे वीज कधी तीन-तीन तास नसते.

आज २३ वा दिवस आहे. कडेच्या तीन अंड्यांवर अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे पडले आहेत आणि गठ्ठ्याच्या मधल्या एका अंड्यावर राखाडी बुरशी दिसते. तार नेमकी कुठे ठेवावी, खळगे पडलेल्या अंड्यांचे काय करावे आणि बुरशीचे अंडे गठ्ठ्यातून काढावे की नाही, याबद्दल प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार. आपण नोंदी नीट ठेवल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे आहे. तार पाण्यातच ठेवा. हीटर पाणी तापवतो, म्हणून त्याला आवरणारी तारही पाण्यातच हवी. डब्याची हवा पाण्यामागून उशिरा तापते, त्यामुळे हवेवरून हीटर चालवला की तापमान वर उसळणारच. डब्यात वेगळा थर्मामीटर ठेवा आणि तिथे २९ दिसेपर्यंत पाण्याचा आकडा थोडा थोडा वाढवत न्या. पहाटेची घट थांबवायला आकडा बदलू नका, खोक्याभोवती जुनी गोधडी गुंडाळा. उष्णता बाहेर जाणे कमी झाले की पाणी आणि डबा यांच्यातला फरकही कमी होतो. विटांच्या उंचीत बसेल तेवढे पाणी वाढवा. जास्त पाणी उशिरा गार होते, म्हणून वीज गेली तरी हाताशी वेळ राहतो. अशा वेळी झाकण मात्र उघडू नका. काही तास २६ अंश राहिल्याने फार तर पिल्ले उशिरा बाहेर येतील, पण दीर्घकाळ जास्त उष्णता मिळाली तर पाठीचा कणा वाकडा झालेली पिल्ले निघतात. दोन्हींतला धोका सारखा नाही. कासवाच्या अंड्यांत तापमानावरून नर-मादी ठरतात, सापांत तसे होत नाही, तेव्हा ती काळजी नको.

खळगे बहुधा पाणी कमी पडल्याचे आहेत. पूर्ण डबा अंड्यांसह वजन करा. पहिल्या दिवसापासून जितके ग्रॅम घटले असतील तितकेच कोमट पाणी कडेने, अंड्यांना न लावता घाला. अंडी स्वतः शोषतात ते पाणी डब्यातच राहते, त्यामुळे वजनातली घट म्हणजे वाफ होऊन बाहेर गेलेले पाणी.

बुरशीचे अंडे ओढून काढू नका. शेजारच्या अंड्याचे कवच फाटेल. अंधारात त्याच्यामागे बारीक टॉर्च धरा. लालसर शिरा दिसल्या तर ते जिवंत आहे. सगळे पिवळे, गढूळ दिसले तरी तसेच राहू द्या. निरोगी अंडी कुजलेल्या अंड्याला चिकटूनही बऱ्याचदा तग धरतात. बुरशी कोरड्या कापसाने अलगद टिपली तरी पुरे.

दोन गोष्टी आपण विचारलेल्या नाहीत. हीटर पाण्याबाहेर पडून कोरडा तापला तर काच तडकते आणि पाण्यात करंट उतरतो, म्हणून हात घालण्यापूर्वी प्लग काढाच. दुसरे, नागाचे पिल्लू जन्मतःच विषारी असते. डब्याचे झाकण कड्या लावून बंद होणारे हवे आणि हवेची भोके गरम सुईने पाडलेली, फार तर २ मिलिमीटरची असावीत. अंड्याला चीर पडल्यावर पिल्लू नुसते तोंड बाहेर काढून एखादा दिवस तसेच बसते, कारण उरलेला बलक अजून पोटात ओढला जात असतो. त्याला बाहेर ओढू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. पहिल्या दिवशी डब्याचे वजन १ किलो १४० ग्रॅम होते, काल १ किलो ९५ भरले. ४५ मिलिलिटर कोमट पाणी सिरिंजने कडेने घातले, तार पाण्यात ठेवून पाणी ३१.५ वर लावले आणि खोक्याला गोधडी गुंडाळली. आज पहाटे पाच वाजता डब्यात २८.७ अंश होते. दोन अंडी जवळजवळ भरून आली आहेत, तिसऱ्याचा खळगा अजून आहे. बुरशीच्या अंड्यात शिरा दिसल्या नाहीत, पण त्याला लागून असलेल्या अंड्यावर टॉर्च धरला तेव्हा आतली सावली हलली. नागाची अंडी उबायला ४८ ते ६९ दिवस लागतात, म्हणजे १३ जुलै ते ३ ऑगस्ट. कड्यांचा डबा आज आणला आहे, पण त्यात अंडी हलवावीत की आहे त्याच डब्याचे झाकण चिकटपट्टीने बंद करावे, एवढे कृपया सांगावे.