"लाँग कोविड म्हणजे व्यायामाचा आळस" म्हणणाऱ्यांना उत्तर

ऋतुगंध:
काल इथे कोणीतरी लिहिलं, "कोविड होऊन वर्षं झाली, अजून दम लागतो म्हणजे आळस." संताप आला, म्हणून सविस्तर लिहितेय. कोविड बरा झाल्यावरही महिनोन्महिने त्रास उरतो, तो लाँग कोविड. हा नुसता फुप्फुसांचा आजार नाही. एप्रिल 2020 मध्येच झुरिकच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कोविड रुग्णांच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला आलेली सूज दाखवली होती. रक्तवाहिनी कधी आवळायची, कधी सैल सोडायची, रक्त कुठे गोठू द्यायचं, हे सगळं ते अस्तर सांभाळतं. ते बिघडलं तर छातीचा एक्सरे स्वच्छ असूनही जिन्यात धाप लागू शकते. माझी बहीण नुसती उभी राहिली तरी नाडी मिनिटाला 30 ठोक्यांनी वाढते. बीपी मात्र तेवढंच.

घाटमाथा:
त्या लेखात रुग्ण होते तीन, तिन्ही अत्यवस्थ. त्यावरून घरी तापात पडून बऱ्या झालेल्यांचं निदान करणार? महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या कोणाचीही नाडी उभं राहताच पळते.

चिंचबन:
लशीचं नाव घ्यायला सगळे घाबरतात. आमच्या गल्लीतला तरणाताठा मुलगा क्रिकेट खेळताना कोसळला, त्याचं काय?

घाटमाथा:
आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा 2023 चा अभ्यास वाचा. 18 ते 45 वयातले अचानक मृत्यू तपासले, लशीने धोका वाढलेला दिसला नाही. कोविडसाठी इस्पितळात भरती, घराण्यातला तसा मृत्यू, आदल्या 48 तासांत अति दारू किंवा जबर श्रम, यांनी वाढला.

चिंचबन:
सरकारी अभ्यास दुसरं काय सांगणार! पोर आमचं गेलंय, तुमचं नाही.

सातारी:
त्या मुलाचं दुःख खरंच मोठं आहे, पण त्याच्या नावाने काहीही खपवू नका. मूळ विषयावर सांगतो. डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याचा अंदाज देणारी तपासणी) जरा जास्त आला म्हणून भावाला एका डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी महिनोन्महिने दिली. शेवटी पोटात रक्तस्राव. 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने 2022 मध्ये लिहिलं होतं, लाँग कोविडचे लोक रक्त 'धुऊन' (यंत्रातून गाळून) घ्यायला सायप्रस, जर्मनीला जातात, पदरची पुंजी ओततात. पुरावा नसताना! अस्तराच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हेही सांगावं.

ऋतुगंध:
गोळ्या घ्या असं मी कुठे म्हटलं?

घाटमाथा:
ठीक. 30 ने वाढलेली नाडी मोजता येते, तिला आळस म्हणू नये, एवढं मान्य. पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत कारण अस्तरच, हे अजून सिद्ध व्हायचंय.

ऋतुगंध:
सिद्ध करायला आधी तपासावं तर लागेल! सगळ्यांनी तिचा ईसीजी झोपवून काढला आणि "नॉर्मल" लिहून घरी पाठवलं. दहा मिनिटं उभं करून नाडी मोजायला ना मशीन लागतं, ना पैसे.