बटरफील्डचं चर्च: नक्षी जरा जास्तच झाली का?

ओसरी: सध्या लंडनला लेकीकडे आहे. काल ऑक्सफर्ड स्ट्रीटची गर्दी टाळून मागच्या गल्लीत शिरलो, तर समोर मार्गारेट स्ट्रीटचं ऑल सेंट्स चर्च. वास्तुकार विल्यम बटरफील्डचं काम. १८५० ला पायाभरणी, १८५९ ला उपासनेला खुलं. बाहेरून एक नंबर! लाल विटांत काळ्या विटांचे पट्टे, आणि २२७ फुटी मनोरा बघायला इवल्याशा चौकात मान पार पाठीला टेकवावी लागते.

पण आत? चकचकीत ग्रॅनाइटचे खांब, रंगीबेरंगी संगमरवरी व्यासपीठ, भिंतभर टाइल्स, जिकडेतिकडे चौकटी आणि चक्रं. नजर टेकवायला हातभर कोरी जागा नाही. दोन मिनिटांत डोळे मिटले, ते भक्तीने नव्हे. बाईमाणसाने पेटीतले सगळे दागिने एकदम घालावेत, तसं झालंय.

चुनागच्ची: दागिने अंगावर चढवलेले असतात हो, इथे अंगच रंगीत आहे. वीट, ग्रॅनाइट, संगमरवर, प्रत्येकाचा रंग जातीचा. कोळशाच्या धुरातल्या लंडनमध्ये हेच शहाणपण. गंमत बघा: पूर्वेच्या भिंतीला दाटीमुळे खिडकी काढता आली नाही, म्हणून तिथे विल्यम डायसची चित्रं आली. तीच खराब झाली आणि १९०९ मध्ये निनियन कॉम्परकडून नव्याने करून घ्यावी लागली. विटा मात्र होत्या तशाच.

शिवाय खेड्यातल्या दगडी चर्चची नक्कल शहरात आणून ठेवली नाही, हे मला जास्त मोठं वाटतं. एवढ्याशा जागेत चर्च, पाद्र्यांचं घर आणि गायक मुलांची शाळा कशी बसवलीय पाहिलंत ना?

ओसरी: जागेची बसवणूक मान्य, शंभर टक्के. पण टिकलं म्हणजे देखणं? आमच्या न्हाणीघरातल्या टाइल्सपण टिकल्यात.

कुलाबा_लोकल: मध्येच बोलतो. कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८) पाहिलंय का? इमारत हेन्री कॉनिबेअरची, पण आतल्या टाइल्स आणि वेदीमागची सजावटीची भिंत (रेरेडॉस) बटरफील्डची. तिथे आजूबाजूच्या भिंती त्यामानाने साध्या, म्हणून त्याची नक्षी खुलते. बटरफील्डला वेसण घालणारा कोणीतरी लागत असावा.

चुनागच्ची: वेसण कसली! आणि ओसरी, तुम्ही जिच्यावर चिडलात ती उत्तरेकडची टाइल्सची भिंत १८७३ ची आहे. १८५९ ला आत शिरलेल्या माणसाला ती दिसलीच नव्हती. मूळ इमारतीचा हिशेब वेगळा करा.

ओसरी: पण ती भिंतही बटरफील्डचीच ना? म्हणजे चौदा वर्षांनीसुद्धा हात आवरला नाही!